परळची तपासणी आणि नगरचा निकाह

आमच्या नगर जिल्ह्यात (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) ‘गर्भाची तपासणी’ म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो. त्यात नवल नाही. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात इथे दर हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. त्याआधी दहा वर्षांपूर्वी ८८४ होत्या. शेजारच्या बीडमध्ये तर ८०७. उसाला पाणी आलं, कारखाने आले, दारात गाड्या आल्या आणि तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचं मशीन आलं. मुली कुठे गेल्या, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

मला आज दुसऱ्याच मुलांबद्दल लिहायचंय. जी जन्माला आली आहेत आणि ज्यांना दर पंधरा-वीस दिवसांनी बाटलीतून रक्त चढवावं लागतं.

आमच्या मोहल्ल्यात एक जोडपं आहे. दोघं चुलत भावंडं. पहिला मुलगा सहा-सात महिन्यांचा झाला आणि पांढरा पडायला लागला. बाळंतपणात आईलाही ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्यांवर ठेवलं होतं. पुण्याला नेल्यावर कळलं: मुलाला थॅलेसेमिया मेजर, आईबाप दोघंही वाहक. मोहल्ल्याने नेहमीचं वाक्य म्हटलं, “नसीब में था, क्या करते.” तीन वर्षांनी मुलगी झाली. तिलाही तेच. दुसऱ्या वेळी मूल पोटात असतानाच तपासता आलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी नाही, इमामसाहेबांनी नाही आणि मीही नाही. मला माहीत होतं. पण ‘गर्भाची तपासणी’ हे शब्द जिभेवर आले नाहीत. लोक काय समजतील, ही भीती. ही पोस्ट त्या गप्प बसण्यातून आली आहे, त्यामुळे सूर थोडा चढा लागला तर माफ करा.

हे शास्त्र आपल्यापासून फार लांब नाही, मुंबईतच आहे. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. त्याच केईएममध्ये १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ शोधला, तो आपण शाळेत वाचतो. पण त्या संस्थेत डॉ. रोशन कोलाह यांनी आपली सारी कारकीर्द थॅलेसेमिया आणि सिकलसेलचं गर्भावस्थेतलं निदान उभं करण्यात घालवली, हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. त्यांच्यासोबत अजित गोरक्षकर, अनिता नाडकर्णी ही मराठी नावं आहेत. आधीच्या काळात गर्भाच्या नाळेतलं रक्त काढून तपासावं लागे आणि त्यासाठी पाचवा महिना उजाडे. मग वारेचा कणभर तुकडा काढून त्यातला डीएनए वाचण्याची पद्धत आली आणि निदान तिसऱ्या महिन्यात शक्य झालं. पण डीएनए वाचायचा तर नेमकं काय शोधायचं, हे आधी माहीत हवं. आपल्या देशातल्या लोकांत बिघाड कोणता, कोणत्या समाजात कोणता जास्त, हे एकेक कुटुंब तपासत ठरवावं लागलं. भारतात सर्वांत जास्त सापडणाऱ्या बिघाडाचं नाव आयव्हीएस एक-पाच. नाव रुक्ष आहे, पण ते माहीत असल्यामुळेच एखाद्या आईला आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर मिळतं. सहा शहरांतल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांची तपासणी करून याच मंडळींनी २०१३ साली दाखवलं की बीटा थॅलेसेमियाचे वाहक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे शंभर माणसांच्या वलीम्यात दोन-तीन. ते स्वतः ठणठणीत असतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक.

या क्षेत्रातले डॉक्टर वर्षानुवर्षं एकच तक्रार नोंदवत आलेत: जोडपी त्यांच्याकडे येतात ती बहुतेक पहिलं आजारी मूल झाल्यावर. लग्नाआधी किंवा पहिल्या गरोदरपणात येणारी थोडी.

आता दुसरी बाजू बघा. गर्भजल तपासणी या देशात आली ती व्यंग शोधण्यासाठीच. १९७५च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये तिचे प्रयोग झाले आणि थोड्याच काळात लक्षात आलं की येणाऱ्यांना व्यंगात रस नाही, ‘मुलगा की मुलगी’ यात आहे. सरकारी रुग्णालयांत बंदी आली, मग धंदा खासगीत गेला. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, तर बेचाळीस जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. चळवळ झाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. मग १९९४चा केंद्राचा कायदा, तो अमलात यावा म्हणून सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सुप्रीम कोर्टात केलेली याचिका, २००३ची दुरुस्ती. ही लढाई लढणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

भांडण आहे ते या हिशोबाशी. लिंग सांगण्यासाठी जे तंत्र वापरलं गेलं ते दहा-पंधरा वर्षांत पाथर्डी-शेवगावपर्यंत पोहोचलं. त्यासाठी कुणी शिबिर घेतलं नाही, अनुदान दिलं नाही, आशाताईंना घरोघर पाठवलं नाही. गिऱ्हाईक होतं म्हणून दुकान आलं. आणि ज्या कामासाठी कोलाहबाईंसारख्या माणसांनी आयुष्य वेचलं, त्याचं साधं नाव आमच्या मोहल्ल्यात आजही माहीत नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं की गोळ्या. ते लोहामुळे कमी की थॅलेसेमियाचा गुण असल्यामुळे, हे सांगणारी एचबी-ए-टूची तपासणी साध्या रक्तावर होते, पण ती लिहून देणारा विरळा.

काही डॉक्टर म्हणतात, कायद्याची भीती वाटते, गर्भाच्या तपासणीची भानगडच नको. हे अर्धं खरं आणि अर्धं आळसाचं आहे. त्याच कायद्याच्या कलम चारमध्ये परवानगी असलेल्या कारणांची यादी आहे आणि तिथे हिमोग्लोबिनचे आजार नावानिशी लिहिलेले आहेत. कायदा लिंग सांगायला बंदी करतो. थॅलेसेमिया शोधायला नाही. पाटी लावून मोकळं होणं सोपं असतं.

डॉक्टरांवर एवढं बोललो, आता घरचं. आपल्यात एक समाधान हळूच बोललं जातं की बेटी मारणं आपल्याकडे नाही. २०११मध्ये देशात मुसलमानांत शून्य ते सहाचं प्रमाण ९४३, सरासरीपेक्षा बरं. पण २००१मध्ये ते ९५० होतं. उतार आपल्याकडेही लागलाय. जुम्म्याला सूरह तकवीरवर बयान ऐकून डोळे पुसणाऱ्यांनी हा आकडाही ऐकावा.

आणि तकदीर. थॅलेसेमियाच्या आईला तकदीर सांगणारा माणूस स्वतःला साखर झाली की इन्सुलिन घेतो. १९९०मध्ये मक्केतल्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह अकादमीने म्हटलंय की विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने गर्भात असाध्य, गंभीर दोष असल्याचं सिद्ध केलं आणि आईबापांची मागणी असेल, तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला परवानगी आहे. यावर उलमांत मतभेद आहेत, हे मला माहीत आहे. पण दिवस मोजा. वारेची तपासणी पाळीपासून अकराव्या आठवड्यात होते, म्हणजे गर्भ राहून साधारण त्रेसष्ट दिवस. रिपोर्टसाठी पंधरा दिवस धरले तरी हातात महिनाभराहून जास्त उरतो. पुढचा निर्णय त्या आईबापांचा. मूल ठेवायचं ठरवलं तरी तयारीनिशी ठेवतील. ज्यांना गर्भपात हराम वाटतो त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण त्यांना निकाहाआधीची रक्ततपासणी तरी का नको? तिथे कुणाचा जीव जात नाही. इराणने ती १९९७ पासून सक्तीची केली, सौदीने २००४ पासून. आपण उमऱ्याहून खजूर आणतो, जमजम आणतो, ही गोष्ट काही आणत नाही.

चुलत-मावस भावंडांतल्या लग्नांवर बोललं की लोक चिडतात. ‘शरीअतमध्ये जायज आहे.’ आहेच. जायज आहे, फर्ज नाही. आणि शेजारच्या मराठा-माळी घरातही मामाची मुलगी हक्काची मानतात, तेव्हा हे बोट एकट्या मुसलमानांकडे दाखवणाऱ्यांनी आपलं घर बघावं. एकाच आजोबाचा गुण दोन्हीकडून उतरण्याची शक्यता अशा लग्नात वाढते, एवढंच गणित आहे. रक्त धर्म विचारत नाही.

खरी अडचण इज्जतीची आहे. तपासणीत काही निघालं तर ‘मुलीच्या खून में खोट’ म्हणून तिचं लग्न कायमचं मोडेल, ही भीती खोटी नाही. मी ती अनेक आयांच्या तोंडून ऐकली आहे. म्हणून माझी सूचना साधी आहे: आधी मुलाची तपासणी करा. तो वाहक नसेल तर मुलांना थॅलेसेमिया मेजर व्हायचा प्रश्नच येत नाही आणि मुलीचं रक्त काढायची गरज उरत नाही. मुलगा वाहक निघाला तरच मुलीची, आणि तीही गुपचूप. निकाहाची तारीख लिहिताना काझीसाहेबांनी मुलाकडे आधारकार्डासोबत हा एक कागद मागावा. सिकलसेलसाठीही तोच नमुना चालतो.

गेल्या महिन्यात एका नात्यातल्या मंगनीत मी हे बोललो. मुलाचे वालिद म्हणाले, “ये कौनसा नया फॅशन निकाला?” जेवताना कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. चौथ्या दिवशी मुलाने स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवला. ए-टू २.६. नॉर्मल. खाली लिहिलं होतं, “चाचा, अब्बूंना सांगू नका, मी गेलो होतो म्हणून.”