कात्री आपल्याच हातात असू द्या!

"एआयला सांग ना, दोन मिनिटांत होईल!" कंपोझिटिंगची एक्सरसाइज मिळाली की आजकाल हा सल्ला फुकट मिळतो. एक्सरसाइज साधीच आहे. एक जुना फोटो घ्यायचा, त्यातलं माणूस मास्कने कापायचं आणि १० सेकंद हलवून दाखवायचं. पुष्कळांना हे आता आउटडेटेड वाटतं. मला मात्र हे अजिबात पटत नाही. कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे मराठीत लिहिताना जरा धाकधूक होते, पण हा मुद्दा मांडायलाच हवा.

मित्रांनो, मास्क म्हणजे शेवटी काय? प्रत्येक पिक्सेलला ० ते १ मधला एक आकडा. १ म्हणजे दिसणार, ० म्हणजे गायब, मधले आकडे कडांसाठी. या आकड्याला म्हणतात अल्फा. पुढचं चित्र गुणिले अल्फा, अधिक मागचं चित्र गुणिले १ वजा अल्फा. झालं कंपोझिटिंग! लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली या गणिताचे नियम पेपरात मांडले. पण ते अंगात मुरतं कधी? हात कापल्यावर शर्टाला भलंमोठं भोक पडतं आणि ते क्लोन करून बुजवावं लागतं, तेव्हा! अँकर पॉइंट खांद्यावर नेला नाही तर हात पंख्यासारखा मधूनच फिरतो. कड जास्त मऊ केली तर माणसाभोवती तेजोवलय येतं, अगदी कॅलेंडरमधल्या देवासारखं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. आमच्या ग्रुपने माझ्या आजोबांचा सायकलसोबतचा फोटो घेतला होता. मी त्यांना पाहिलेलं नाही. आम्ही सायकलचं चाक फिरवलं, आजोबांचा हात हलवला. आजी बघून हसली, म्हणाली, "सायकल त्यांचीच गं, पण हात असा नाही हलवायचे ते." मग एका मित्राने तोच फोटो एआयला दिला. आजोबांनी मान वळवली, छान हसले. फोटोत नसलेला दुसरा गालसुद्धा दिसला. आजी गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे शूटिंग कधी केलं होतं?"

फरक इथेच आहे. कापलेला फोटो खोटं बोलत नाही. तो हलतो, पण आपण कागद आहोत हे लपवत नाही. 'मॉन्टी पायथन'मध्ये टेरी गिलियमने ब्रॉन्झिनोच्या १६व्या शतकातल्या पेंटिंगमधला पाय कापून सगळ्यांच्या डोक्यावर आदळला, तो खरा आहे असं कोणाला वाटलं नाही. आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांना तरी कोण खरी माणसं समजतं? म्हणूनच आजी आम्हाला चूक दाखवू शकली. दुसऱ्या क्लिपपुढे तिची स्वतःची आठवणच डळमळली.

एआय वापरूच नका, असं मी म्हणत नाही. चालत्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम्स, प्रत्येक फ्रेमचा मास्क हाताने काढणं म्हणजे निव्वळ हमाली. ती मशीनने खुशाल करावी. पण एका स्थिर फोटोचा मास्क तर एकदाच काढायचा असतो. तो काढताना कळतं, की फोटोत काय आहे आणि आपण पदरचं काय घालतोय. उद्या आपणच ही सॉफ्टवेअर्स बनवणार आहोत. ही सीमारेषा आपल्यालाच दिसली नाही, तर ती आजीला कोण दाखवणार?