लॉकला कुलूप

इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या बोटवाल्यांचा हंगाम ईस्टरच्या सुट्टीत सुरू होतो. 2025 मध्ये तो धड सुरू होण्याआधीच अडखळला. लीड्स आणि लिव्हरपूल या दोन शहरांना जोडणाऱ्या कालव्याचा पेनाइन डोंगर ओलांडणारा मधला टप्पा मे महिन्यात बोटींना बंद झाला, कारण तळ्यांत पुरेसे पाणी उरले नव्हते. ज्या देशाच्या पावसावर जगभर विनोद होतात, तिथे त्या वर्षी शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत नोंदवला गेला. बातमी लगेच ‘दुष्काळाचा फटका’ या खान्यात गेली. फटका होता हे खरे, पण सगळा दोष आभाळावर टाकून मोकळे होण्याइतके हे प्रकरण सोपे नाही.

आपल्याकडे कालवा म्हटला की आवर्तन आठवते. धरणाचे दार उघडले, पाणी सुटले, टेलच्या गावापर्यंत पोहोचले की नाही यावरून भांडण झाले. तो वाहता कालवा. लीड्स-लिव्हरपूलचा कालवा जवळजवळ उभा असतो. सुमारे 204 किलोमीटर लांबीचा हा पाण्याचा जिना आहे आणि मुख्य मार्गावर त्याला 91 पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी म्हणजे एक लॉक : दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी कुंडी. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या अंगाचे पाणी सोडले की बोट वर उचलली जाते. उतरताना याच्या उलट. पंप नाही, इंजिन नाही. अठराव्या शतकातल्या माणसांनी गुरुत्वाकर्षणाला कामाला लावले होते. मात्र दर खेपेला कुंडीभर पाणी एक पायरी खाली जाते ते जातेच. या कालव्यावरच्या एका लॉकमध्ये अदमासे अडीच लाख लिटर पाणी मावते. आपल्या हिशेबात सांगायचे तर दहा हजारी टँकर 25. माथ्यावरून पलीकडे जाणारी बोट चढताना एक आणि उतरताना एक अशा दोन कुंड्या माथ्याच्या खात्यातून खर्ची घालते. एका कुटुंबाची एक सफर, 50 टँकर. म्हणून जाणते बोटवाले एकट्याने लॉक भरत नाहीत. जेमतेम सात फूट रुंदीच्या दोन नॅरोबोटी चौदा फुटी लॉकमध्ये शेजारी शेजारी बसतात, तेव्हा दुसरी येईपर्यंत चहा करत थांबतात.

हा माथा फौलरिज गावाजवळ आहे. तिथल्या दीड किलोमीटर लांबीच्या बोगद्याची एक गोष्ट गावकरी आजही सांगतात : 1912 मध्ये एक गाय कालव्यात पडली, बाहेर पडायचे सोडून बोगद्यात शिरली आणि पोहत पोहत पलीकडच्या तोंडातून बाहेर आली. तिला ब्रँडी पाजून हुशारीत आणले म्हणतात. कालव्याला भरपूर पाणी असल्याचा इतका चविष्ट पुरावा दुसरा मिळायचा नाही.

ते पाणी मात्र आपोआप आलेले नव्हते. 1770 मध्ये सुरू झालेले या कालव्याचे काम 1816 मध्ये पुरे झाले, पण माथ्यावर पाणी पुरवण्याची विवंचना पुढे शतकभर चालूच राहिली. तळ्यांमागून तळी बांधावी लागली. विंटरबर्नचे तळे 1893 मध्ये तयार झाले आणि त्याचे पाणी मैलोगणती लांब नळाने कालव्यापर्यंत आणले गेले. कोळसा, चुनखडी, कापूस यांची वाहतूक होती. पाणी आटले की धंदा बुडे, म्हणून भागधारक खिशात हात घालत. विगनच्या वीजकेंद्राला कोळसा नेणाऱ्या बोटी 1972 मध्ये थांबल्या आणि पाण्यासाठी हट्ट धरणारे तालेवार गिऱ्हाईक संपले. तळी तीच राहिली, बंधारे म्हातारे झाले.

म्हाताऱ्या बंधाऱ्याचे काय होते हे 2019 च्या ऑगस्टमध्ये व्हेली ब्रिज या गावाने पाहिले. टॉडब्रुक तलावाच्या सांडव्याचे काँक्रीट पावसात उखडले आणि खालच्या वस्तीतल्या सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. हेलिकॉप्टरने दगडमातीच्या गोण्या आणून टाकल्या, तलाव उपसून रिकामा केला. ते योग्यच झाले. पण हा तलाव पीक फॉरेस्ट आणि मॅकल्सफील्ड या कालव्यांचा पोशिंदा होता, आणि त्याची दुरुस्ती वर्षानुवर्षे रेंगाळली. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यांत त्या कालव्यांवर निर्बंध आले, तेव्हा ‘पाऊस कमी झाला’ हे कारण अर्धेच होते. पडलेला पाऊस धरून ठेवायला भांडेच नव्हते, हे उरलेले अर्धे.

या कालव्यांचा कारभार 2012 पासून सरकारी महामंडळाकडे नाही, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे. सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग, अनेक दशके जुने बंधारे आणि 35 हजारांच्या आसपास बोटी. सरकारने 2023 मध्ये जाहीर केले की 2027 पासून या संस्थेचे अनुदान दहा वर्षे दरसाल 5 टक्क्यांनी उतरत जाईल. म्हणजे हवामान लहरी होत असतानाच साठवणीच्या खर्चाला कात्री. आपल्या पाटबंधारे खात्यात असा आदेश निघाला असता तर निदान विधानसभेत आरडाओरडा झाला असता.

ट्रस्टने लॉक बंद केले यात ट्रस्टची चूक नाही, हेही सांगायला हवे. कालव्याच्या तळाला मळलेल्या चिकणमातीचे अस्तर असते. ते ओले असेतोवर पाणी धरते. वाळले की भेगाळते आणि मग पाऊस आला तरी कालवा गळतो. त्यामुळे शेवटचे पाणी बोटींना न देता तळासाठी राखणे शहाणपणाचेच. प्रश्न एवढाच, की या शहाणपणाचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते.

बोटवाला म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला निवृत्त गृहस्थ येतो. तोही आहे. सुट्टीपुरत्या बोटी भाड्याने देणारे छोटे व्यावसायिकही आहेत. त्यांचा वर्षाचा गल्ला चार-पाच महिन्यांत जमतो आणि बंद लॉकच्या अलीकडे अडकलेल्या बोटीवर गिऱ्हाइकाला नेऊन दाखवण्यासारखे काही नसते. पण ज्यांची बोट हेच घर आहे, ज्यांनी शहरातले घरभाडे परवडेना म्हणून पाण्यावर संसार मांडला, त्यांची गणती या चित्रात होत नाही. यांतल्या अनेकांना बोट बांधायला कायमची जागा नाही. 1995 च्या कायद्याप्रमाणे त्यांनी एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचे नाही, फिरत राहायचे. परिस्थितीच तशी असेल तर जास्त थांबण्याची मुभा त्याच कलमात आहे, त्यामुळे लॉक बंद असताना कायदा आडवा येत नाही. पण शौचालयाची टाकी कायदा वाचत नाही. ती भरते. ती रिकामी करायची सोय पुढच्या गावात, पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्याही पुढे, आणि मध्ये कुलूप. पाणी खाली गेले की बोट काठापासून दूर चिखलात रुतते, एका बाजूला कलते. तिरक्या घरात चूल पेटवून बघितल्याशिवाय ती गैरसोय कळायची नाही. मूल काठावरच्या शाळेत, नोकरी दोन गावे पलीकडे, आणि घर हलत नाही.

त्याच वर्षी यॉर्कशरमध्ये बागेला नळीने पाणी घालायला बंदी आली ती 11 जुलैला. कालव्याची तळी वेगळी आणि नळाच्या पाण्याची धरणे वेगळी, त्यामुळे एकाचे तोडून दुसऱ्याला दिले असा आरोप करता येणार नाही. तरी क्रम बोलका आहे : मे महिन्यात एकाचे घर अडकले, हिरवळीवरचा फवारा जुलैपर्यंत चालला. पहिल्याचा गवगवा स्थानिक पानावर, दुसऱ्याचा पहिल्या पानावर.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे लायसन्सचे दरपत्रक. कायमची जागा नसलेल्या बोटींवर ट्रस्टने एप्रिल 2024 पासून जादा आकार लावला आहे. सुरुवात 5 टक्क्यांनी, 2028 पर्यंत तो 25 टक्क्यांवर जायचा आहे. अशा बोटी कालव्याच्या जाळ्याचा वापर जास्त करतात, असे त्याचे समर्थन. मेमध्ये चिखलात बसलेल्या बोटीलाही हाच जादा आकार होता. वापराबद्दलचा.