अकरा महिने आपले, एक महिना घराचा



मंडळाच्या गेल्या बैठकीनंतर चहा घेताना आपल्या एका सभासदांनी मला बाजूला घेतले. “निवृत्तीचे पैसे हातात आलेत. दोन खोल्यांचे घर मिळतेय. घेऊन भाड्याने देऊन टाकू का? घरबसल्या महिन्याला पैसे येतील.”

त्यांच्या वाक्यातला ‘घरबसल्या’ हा शब्द मला खटकला. बारडोलीत एक लहानसे घर मी काही वर्षे भाड्याने देतो आहे. त्या अनुभवावर सांगतो, घरबसल्या फक्त भाडे येते. घर मात्र आपल्याला उठून बघायला लावते. त्यांना तेव्हा उभ्या उभ्या जे सांगितले, ते या वेळी सविस्तर लिहितो, कारण हा विचार आपल्यापैकी बऱ्याच घरांत चालू आहे.

आधी हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गल्लीतले आकडे तुम्ही घाला. समजा घर १८ लाखांना पडले. गुजरातेत दस्ताला ४.९ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी लागते. म्हणजे लाखाच्या वर रक्कम तिथेच गेली. (दस्त बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ असते, तेव्हा घरात आधी विचार करा.) भाडे ६,००० ठरले, तर वर्षाचे ७२,०००. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायला महिना लागला, की राहिले ६६,०००. नगरपालिकेचा घरवेरा आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून ९,००० धरा, राहिले ५७,०००. त्यातून एका महिन्याचे भाडे दुरुस्तीसाठी बाजूला काढा, हातात ५१,०००. अठरा लाखांवर हे तीन टक्केही होत नाहीत. बँकेत ठेव ठेवली तर याहून जास्त मिळेल.

मग घर घेऊ नये का? जरूर घ्यावे. पुढे मुलांना होईल, जागेची किंमत वाढेल, ही कारणे खरी आहेत. पण ‘कर्ज काढू, भाड्यातून हप्ता फिटेल’ या भरवशावर मात्र घेऊ नये. बारा लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढले, तर हप्ता दहा हजारांच्या वर जातो. सहा हजारांच्या भाड्यातून तो कसा फिटणार?

वरच्या हिशेबातला दुरुस्तीचा एक महिना नवे मालक सर्रास विसरतात. मीही विसरलो होतो.

माझ्या घरात तेव्हा एक तरुण जोडपे आणि त्यांची लहान मुलगी राहत होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला, “काका, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल येतेय.” मी म्हटले, पाऊस उघडला की बघू. पाऊस काही उघडला नाही. आपल्याकडचा आषाढ-श्रावण तुम्हाला ठाऊकच आहे. दुसरा फोन आला, तिसरा आला. मग फोन यायचे थांबले, आणि प्रश्न मिटला असे मी समजलो. दिवाळीनंतर त्यांनी घर सोडले. रंगाचे पोपडे निघालेली भिंत पाहून मी डिपॉझिटमधून ३,००० रुपये कापून घेतले. तो बिचारा काहीही बोलला नाही.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा बायकोने एकच विचारले, “भिंत त्यांनी ओली केली का?”

गच्चीवर जाऊन पाहिले, तर चायना मोझॅकला कठड्यालगत लांबलचक चीर गेली होती. पाणी तिथूनच उतरत होते. ती चीर उघडून, त्यात वॉटरप्रूफिंगचा माल भरून, कोपऱ्याला गोलाई करून घ्यायला दोन दिवस लागले. हे काम मे महिन्यात केले असते तर भिंतही वाचली असती आणि भाडेकरूही टिकला असता. पुढे घर दोन महिने रिकामे राहिले ते वेगळेच. त्या जोडप्याचा नवा पत्ता शोधून मी तीन हजार परत दिले. मुलगी दारात उभी होती. तिचा खोकला आता थांबलाय, असे तिची आई सहज म्हणाली. तिने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते, पण मला लागायचे ते लागलेच.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला आहे. वर्षाच्या भाड्यातले अकरा महिने आपले, एक महिना घराचा. त्या पैशांचे वेगळे खातेच आहे. एखाद्या वर्षी त्यातले काही खर्च होत नाही, तर दुसऱ्या वर्षी पाण्याची मोटर जळते आणि सगळे एकदम जाते.

आयकराचा कायदाही हेच धरून चालतो. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही त्या वर्षी स्वतः भरलेला घरवेरा वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर शंभर रुपये खर्च करा नाहीतर लाख, वजावट तेवढीच. घर म्हटले की खर्च आलाच, हे सरकारनेही मान्य केले आहे. दुसरीकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. म्हणून कोणती दुरुस्ती कोणाकडे, हे करारातच लिहावे. गच्ची, भिंती, मुख्य वायरिंग, मोटर मालकाकडे. बल्ब, नळाचे वायसर, तुटलेली काच भाडेकरूकडे. एवढ्या दोन ओळींनी निम्मी भांडणे टळतात.

कराराचेही सांगतो. “आपल्याच गावाकडचा मुलगा आहे, कागद कशाला?” असे आपल्यात फार चालते. कागद अविश्वासापोटी करायचा नसतो. ठरलेले दोघांच्याही लक्षात राहावे म्हणून तो करायचा. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करतात, त्याचे कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मात्र ज्यांचे जळगाव, धुळे किंवा नाशिकला घर आहे, त्यांनी हा नियम तिकडे लावू नये. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, मुदत अकरा महिने असली तरीही.

करारासोबत आणखी तीन गोष्टी करा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. गुजरात पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवरूनही ती देता येते. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरून पाहा आणि मोबाइलवर भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवा. आणि वीज मीटरचे रीडिंग लिहून ठेवा. आपल्याकडे वीज कंपनीचे बिल दोन महिन्यांनी येते. मध्येच घर सुटले की शेवटचे बिल कोणाचे, हा वाद ठरलेलाच. येताना-जाताना रीडिंगवर दोघांच्या सह्या असल्या की वाद उरत नाही.

आता भाडेवाढ. शेजाऱ्याने वाढवले म्हणून आपण वाढवायचे, ही आपली रीत. पण बारडोलीत राहणाऱ्याने तरी वाढीच्या आकड्याबाबत जपून असावे. सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला, म्हणून १९२८ साली वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. नंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली. जमिनीच्या खंडाच्या ज्या आकड्यांवर ती वाढ उभी होती, ते आकडे नीट तपासलेलेच नव्हते, असे त्यात दिसून आले. योग्य वाढ सहा टक्क्यांच्या आसपास ठरली. कुठे तो लढा आणि कुठे आपल्या दोन खोल्या! पण ऐकीव भाड्यावर वाढ ठरवू नये, एवढा धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे. आसपासची तीन-चार घरे खरोखर कितीला गेली ते विचारा, वाढीचा दर करारातच लिहा, आणि वेळेवर पैसे देऊन घर नीट ठेवणाऱ्या भाडेकरूला थोडे कमी वाढवा. वर दाखवल्याप्रमाणे, घर एक महिना रिकामे राहिले तरी सहा हजार जातात. तीनशे रुपयांच्या हट्टासाठी ते घालवण्यात शहाणपण नाही.

शेवटी एक मनातले. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने इकडे आले आणि भाड्याच्या खोलीत राहिले. ‘मराठी का? नॉनव्हेज करता का?’ या प्रश्नाला दारातच उत्तर द्यावे लागल्याचे माझी आई अजून सांगते. आता किल्ली आपल्या हातात आहे. भाडेकरूची चौकशी अवश्य करा, नोकरी पाहा, आधीच्या मालकाला फोन करा. पण ताटात काय आहे, हे विचारताना आपला जुना काळ आठवावा.

त्या सभासदांचा परवा फोन आला होता. घर अजून घेतलेले नाही. “आधी गच्ची बघून आलो,” म्हणाले. “पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा बघणार आहे.” मी म्हटले, मीही येतो बरोबर.

तुमची घरे भाड्याने असतील तर जूनच्या आत गच्चीवर एक चक्कर मारा, पाण्याच्या पाइपांची तोंडे मोकळी करून घ्या. आणि तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल, तर तुमचा अनुभव कळवा. मालकांची बाजू या वेळी मी मांडली, पुढच्या वेळी तुमची छापू.