ध्रुवाला तारा नको होता

ध्रुवबाळाची गोष्ट आपल्याला शेवटाकडून सांगितली जाते. अढळपद, उत्तरेचा तारा, भक्तीचं फळ. सुरुवात दोन ओळींत उरकतात, आणि खरी गोष्ट त्या दोन ओळींतच आहे.

राजा उत्तानपाद. नावडती राणी सुनीती, आवडती सुरुची. सुरुचीचा उत्तम बापाच्या मांडीवर बसलाय. पाच वर्षांचा ध्रुव तिथं चढायला जातो. सुरुची त्याला सुनावते, या जागेवर बसायचं तर माझ्या पोटी जन्म घ्यायला हवा होतास. आणि राजा? गप्प बसतो. घटस्फोट हा शब्द तेव्हा नव्हता, पण घर मोडलेलंच होतं.

पुढं मूल रानात जातं. त्यानं श्वास रोखला तेव्हा तिन्ही लोकांचा श्वास कोंडला, असं भागवत सांगतं. आपण त्याला तपाचं सामर्थ्य म्हणतो. मला त्यात एक असं पोर दिसतं, जे सगळ्या जगाचा श्वास कोंडल्याशिवाय आपल्याकडे कुणी बघणार नाही हे शिकलंय. त्याला हवी होती मांडी. आपण तारा दिला आणि टाळ्या वाजवल्या.

आजही तेच चालू आहे. आईबाप वेगळे झाले की मुलाला सायकल मिळते, टॅब मिळतो, आणि नातेवाईकांकडून एक पदवी मिळते : ‘किती समंजस आहे हो!’ या शब्दाची मला चीड येते. समंजस म्हणजे ज्याच्या रडण्याचा मोठ्यांना त्रास होत नाही ते मूल.

पाचव्या वर्षी प्रत्येक मूल स्वतःला जादूगार समजतं. आपल्या मनात आलं की बाहेर घडतं, असं त्याला खरंच वाटतं. पियाजेनं मुलांच्या या विचारपद्धतीबद्दल सविस्तर लिहिलंय. चंद्र आपल्याबरोबर चालतो, इथवर ही जादू गोड असते. बाबा बॅग भरून निघाले की तीच जादू उलटते : मी हट्ट केला म्हणून ते गेले. वॉलरस्टाइन आणि केली यांनी कॅलिफोर्नियातल्या ६० घटस्फोटित कुटुंबांचा अभ्यास १९८० साली पुस्तकरूपात मांडला. त्यातही स्वतःला दोष देणारी लहान मुलं भेटतात. अशा मुलाला ‘तू स्ट्राँग आहेस, आता आईला तूच सांभाळ’ म्हणणं म्हणजे त्याच्या भ्रमावर शिक्का मारणं आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं : ‘अशानंच मुलं जिद्दी होतात. ध्रुव नाही का झाला?’ झाला. पण त्याला रानात जावं लागलं, कारण एक मोठा माणूस वेळेवर तोंड उघडू शकला नाही. राजाला नंतर पश्चात्ताप झाला, तो रडला. पोर निघून गेल्यावर.

घटस्फोटाला माझा विरोध नाही. रोज भांडी आपटणाऱ्या घरापेक्षा दोन शांत घरं बरी. विरोध आहे तो बिल मुलाच्या नावावर फाडण्याला.

आणि मत्सराला इतकं घाबरायचं कारण काय? बाबांच्या नव्या घरातलं बाळ बघून पोटात दुखलं तर ते पाप नव्हे, तो हिशेब आहे : माझी जागा कुठंय? याच भागवतात पुढं एक प्रसंग आहे, जो आपल्याला क्वचितच सांगतात. शिकारीला गेलेल्या उत्तमाला एक यक्ष मारतो, आणि ध्रुव संतापानं यक्षांच्या नगरीवर चालून जातो. त्याच सावत्र भावासाठी, ज्याच्यासमोर त्याला मांडी नाकारली गेली होती. मत्सर आणि माया एकाच मुलात राहतात. एकाला जागा दिली की दुसरीलाही मिळते.

म्हणून वेगळं होणाऱ्यांनी मुलाला तीन वाक्यं सांगावीत, आणि पुन्हा पुन्हा सांगावीत. हे तुझ्यामुळे झालं नाही. हे तुला जोडता येणार नाही. तुला राग येऊ दे, हेवा वाटू दे, आम्ही इथंच आहोत.

आणि मग मोबाइल बाजूला ठेवून मांडी घालून बसावं.