नगरपालिका-सभासद जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांच्या जन्मास २०२७ साली दोनशे वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने पुतळ्यांना हार पडतील, मिरवणुका निघतील, आणि ज्यांनी त्यांचा विचार कधी मानला नाही तेही व्यासपीठावर पुढच्या रांगेत दिसतील. याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र या गजरात जोतीरावांचे एक रूप नेहमीच मागे राहते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सत्यशोधक समाजाचा संस्थापक शहराच्या जमाखर्चाला बसला तेव्हा त्याने काय केले, हे स्थानिक संस्थांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ते लोकनियुक्त नव्हते, सरकारनियुक्त होते. नेमणूक सरकारची, तेव्हा मतही सरकारचेच, अशी सर्वसाधारण समजूत असावयाची. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. बत्तीस नियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याच्या विरोधात मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच संमत झाला. परंतु हा केवळ विरोधासाठी विरोध नव्हता. एका खर्चासमोर दुसरा खर्च ठेवून कोणता अधिक निकडीचा, असा प्रश्न त्यांनी केला होता. मी आयुष्यभर वर्गात सार्वजनिक आयव्यय शिकविला. त्या शास्त्राचा पहिला प्रश्न हाच आहे.

दुसरा प्रसंग मंडईचा. शहरात मोठी मंडई बांधण्याचा विचार पुढे आला तेव्हाही जोतीरावांनी विरोध केला आणि शिक्षणाची बाजू मांडली. स्वतः माळी कुटुंबातला, फुले-भाजीच्या व्यवसायाचे अर्थकारण घरातूनच ठाऊक असलेला माणूस मंडईला विरोध करतो, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे मंडई उभी राहिली. तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. आणि कालांतराने, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने, ती महात्मा फुले मंडई झाली. या विसंगतीकडे बोट दाखवून हसणारे पुष्कळ भेटतात. मंडईचा शहराला उपयोग झाला हे मीही नाकारीत नाही. पण जोतीरावांचा आक्षेप मंडईच्या उपयुक्ततेवर नव्हता, क्रमावर होता. ज्या शहरात गरिबाचे मूल शाळेबाहेर आहे त्या शहराने आधी काय बांधावे, हा त्यांचा प्रश्न होता. मंडईला त्यांचे नाव देऊन आपण त्यांचा गौरव केला, त्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही.

१८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्धही त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी हाच विचार देशाच्या पातळीवर नेला: सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. नगरपालिकेतील मत आणि आयोगापुढील निवेदन यांत अंतर नाही. भरतो कोण आणि भोगतो कोण, हे एकच माप दोन्हीकडे लावलेले आहे.

हे माप त्यांनी घरातही लावले, म्हणूनच ते सभागृहात टिकले. १८४९ साली शाळेच्या कामापायी पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मूलबाळ नव्हते, दुसऱ्या विवाहाचा मार्ग त्या काळी सर्वमान्य असूनही त्यांनी तो घेतला नाही. १८७४ साली काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव नगरपालिकेचे सभासद होते, तर सावित्रीबाई जुन्नर भागात लोकांच्या मदतीत गुंतल्या होत्या. हा संसार सार्वजनिक कामाच्या आड आला नाही, कारण दोन्ही कामे एकच होती.

जोतीरावांनी कंत्राटदारी केली होती, खडकवासल्याच्या धरणाला माल पुरविला होता. सार्वजनिक बांधकामात पैसा कोठे मुरतो हे त्यांना पुरेपूर माहीत होते. तरीही १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, त्यानंतरच्या काळात घरात ओढाताण होती. मामा परमानंदांना या कुटुंबासाठी बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकावा लागला. सहा-सात वर्षे नगरपालिकेत बसलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा आणखी कोणता दाखला हवा? १८९० साली त्यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. आणि १८९७ साली डॉ. यशवंतरावांसह प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याही गेल्या.

आज आपण कोठे आहोत? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. तरी २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर त्याच पुण्याचा कारभार कैक महिने नव्हे, काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. सरकारनियुक्त सभागृहात निदान एक जोतीराव होते. प्रशासकाच्या कारभारात विरोधी मत नोंदविण्यास खुर्चीच नसते. आणि जेथे निवडून आलेले सभासद आहेत तेथे किती जण अंदाजपत्रक वाचून सभेला जातात, हे आपण एकमेकांना विचारलेले बरे.

आपला सभासद एखाद्या नगरपालिकेत एकटाच असेल, म्हणून त्याने हताश होऊ नये. स्वागत-समारंभाचे कलम पुढे येईल तेव्हा त्याने उभे राहावे, हा पैसा कोणाचा आणि गळक्या छपराच्या शाळेचे काय, असे विचारावे, आणि आपले विरोधी मत इतिवृत्तात लिहून घ्यावे. दोनशेव्या जयंतीचा याहून उचित समारंभ मला सुचत नाही.