रिपोर्ट पेशंटचा, भाषा कुणाची?

मंडळी, एखाद्या सॉफ्टवेअरने नुसता एरर कोड तोंडावर फेकला, तर आपण प्रोग्रॅमरच्या नावाने खडे फोडतो. 'माणसाला कळेल असं लिहायला काय झालं होतं?' बरोबरच आहे. पण कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की हेच आपण निमूटपणे मान डोलावतो. का?

साधा 'पॉझिटिव्ह' शब्द घ्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'नोड पॉझिटिव्ह' म्हणजे कॅन्सर काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलाय. वाईट बातमी. 'ईआर पॉझिटिव्ह' म्हणजे त्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत, म्हणून हार्मोनचे उपचार लागू पडू शकतात. म्हणजे हातात एक जादा हत्यार! शब्द एकच, अर्थ जवळपास उलटा. आणि 'मार्जिन निगेटिव्ह' वाचून धसका घेऊ नका. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चांगलीच बातमी.

स्टेज आणि ग्रेडचाही असाच घोळ. स्टेज म्हणजे रोग किती वाढलाय, कुठवर पसरलाय. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात. 'ग्रेड ३' वाचून 'तिसरी स्टेज' समजणारे आणि घरभर रडारड करणारे कमी नाहीत. 'फाइव्ह इयर सर्व्हायव्हल ८० टक्के' म्हणजे पाचच वर्षं उरली असं नव्हे. तशा १०० पेशंटपैकी ८० जण निदानानंतर पाच वर्षांनीही हयात होते, एवढंच.

यावर ठरलेली उत्तरं येतात. 'ओपीडीत वेळ नसतो.' मान्य, गर्दी खरीच असते. पण छापील अर्ध्या पानाला कितीसा वेळ लागतो? 'पेशंट घाबरेल.' अहो, तो न कळलेल्या शब्दाला जास्त घाबरतो! 'त्यांना कळणार नाही.' होम लोनचे हप्ते आणि फ्लोटिंग रेट कळणाऱ्याला हे का कळू नये?

दुसरीकडे आपले शुद्ध मराठीवाले. ट्यूमरला 'अर्बुद' म्हटलं की झालं यांचं काम! याला भाषांतर म्हणतात, समजावणं नव्हे. लोकांच्या तोंडी 'गाठ' आहे ना? मग गाठच म्हणा. केमोला केमोच राहू द्या.

मागणी साधी आहे. रिपोर्टसोबत साध्या मराठीत अर्धं पान द्या: रोग कुठे आहे, किती पसरलाय, उपचार बरं करण्यासाठी की आटोक्यात ठेवण्यासाठी, आणि दुसरे पर्याय कोणते. ही मेहेरबानी नाही. उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलंय. न कळलेल्या कागदावर सही घेणं म्हणजे संमती नव्हे, उरकणं.

तोवर? सही करण्याआधी दोनच शब्द विचारा. 'म्हणजे काय?' उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. लाजायचं असलंच तर सांगणाऱ्याने लाजावं.