जाहीर आवाहन : २६ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर, घरातल्या फौजीला बोलतं करूया

सातारा जिल्ह्यातील सर्व ग्रामस्थ, शिक्षक, विद्यार्थी आणि नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला राहणाऱ्या सातारकर बंधू-भगिनींनो,



२६ नोव्हेंबर जवळ आला आहे. २००८ साली त्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालयाचा परिसर, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस इथे रक्त सांडलं. २९ तारखेच्या सकाळी ताजमधली कारवाई संपली, तोवर १६६ जणांचा जीव गेला होता. स्थानकात बळी पडलेल्यांत गावाकडची गाडी पकडायला आलेली साधी माणसं होती. त्या सर्वांना आपण दरवर्षी श्रद्धांजली वाहतो आणि पुढेही वाहत राहू.

त्या रात्रीचं एक नाव आपल्या मातीतलं आहे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी हातांनी घट्ट धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यामुळेच त्यांच्या सहकाऱ्यांना कसाब जिवंत पकडता आला. २६ जानेवारी २००९ रोजी देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं. पोलीस म्हणून ओंबळे सर्वांना ठाऊक आहेत. पण मुंबई पोलीस दलात येण्यापूर्वी ते भारतीय सेनेच्या सिग्नल कोअरमध्ये होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस पुन्हा खाकी घालतो आणि वेळ आल्यावर पुढे होतो. अशी माणसं आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं असतं, कुणी कारखान्याच्या गेटवर, कुणी शेतात. त्यांच्या फौजेतल्या नोकरीबद्दल आपण काय जाणतो?

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लहानपणी आम्ही त्यांना आंतरदेशीय पत्र लिहायचो, त्यावर पत्ता असायचा 'द्वारा ५६ एपीओ'. ते काश्मीरमध्ये आहेत की ईशान्येत, हे त्या पत्त्यावरून कधी कळलं नाही. घरी आल्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं : "काही विशेष नाही, ड्युटी होती." आम्हीही पुढे विचारणं सोडून दिलं. पुढे एके दिवशी ट्रंकेतली पदकं आणि डिस्चार्ज बुक मी त्यांच्यासमोर ठेवलं आणि एकेक पान उलटत विचारत गेले, तेव्हा ते बोलू लागले. बर्फातल्या चौकीबद्दल बोलले, परत न आलेल्या जोडीदाराबद्दल बोलले. आईने एकटीने काढलेल्या वर्षांबद्दल तर आई स्वतःच बोलली. त्या दिवशी मला माझे वडील नव्याने कळले. त्यांचा अभिमान मला आधीही होता, पण तो नेमका कशाचा हे सांगता येत नव्हतं. आता येतं.

पहिल्या महायुद्धात आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांची आठवण त्या गावातल्या स्मारकाने जपली आहे. जे लढून घरी परतले त्यांची कहाणी मात्र त्यांच्यासोबतच गेली. आपल्या पिढीत तसं होऊ द्यायचं नसेल, तर या आठवणी लिहून ठेवण्याचं काम आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून कळकळीची विनंती आहे :

१. २६ नोव्हेंबरला संविधान दिनानिमित्त शाळांमध्ये सकाळी संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन होतं. त्यानंतर गावातल्या एका माजी सैनिकाला आणि एका सैनिकपत्नीला मुलांसमोर मानाने बसवा. हारतुरे आणि भाषणं आटोपशीर ठेवा, मुलांच्या प्रश्नांना भरपूर वेळ द्या.

२. पुढच्या अकरा दिवसांत प्रत्येक सैनिक-घरातल्या मुलाने किंवा नातवाने एक वही करावी. भरती कुठे आणि कोणत्या साली झाली, पलटण कोणती, कुठे कुठे राहिले, सोबती कोण, कोणतं पदक कशासाठी मिळालं, हे सगळं त्या सैनिकाच्याच शब्दांत लिहावं. आजी आणि आई यांचं म्हणणंही त्याच वहीत यावं. एखाद्या आठवणीवर ते थांबले, तर आग्रह करू नका.

३. जे आज सेवेत आहेत त्यांची पलटण, ठिकाण किंवा सुट्टीच्या तारखा समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांचं कौतुक घरात करा, त्यांना पत्र लिहून करा.

४. गावातल्या वीरपत्नी आणि वयस्कर पेन्शनर यांच्याकडे जाऊन या. हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो. ज्यांना ते जमत नाही त्यांच्याजवळ बसून तो भरून द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं असेल तर सोबत जा.

५. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. युद्धात अपंग झालेले जवान, वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी ध्वजदिनाचा निधी वापरला जातो. जमेल तेवढी रक्कम अधिकृत ठिकाणीच द्या आणि पावती घ्या.

हल्ला झाला की आपण टीव्हीसमोर बसून सैनिकांचा जयजयकार करतो. ताजमध्ये शिरलेले नौदलाचे मरीन कमांडो आणि एनएसजीचे जवानही कुणाच्या तरी घरातले होते. एनएसजीचे मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये आणि हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट नरिमन हाउसमध्ये धारातीर्थी पडले. त्यांच्या घरच्यांकडे आता फक्त आठवणी आहेत. आपल्या घरात तो माणूस समोर बसलेला असेल, तर त्याला त्याच्या सेवेबद्दल विचारणं आणि मनापासून आभार मानणं हे आपलं कर्तव्य आहे.

७ डिसेंबरला संध्याकाळी प्रत्येक गावाने ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात जमावं. ज्यांनी वह्या लिहिल्या त्यांनी घरच्यांच्या संमतीने एकेक पान वाचावं आणि प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. सुरुवात आज रात्री जेवताना करा. पहिला प्रश्न सोपा आहे : "बाबा, तुम्ही भरती कसे झालात?"

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त सुभेदाराची मुलगी